पाचव्या आठवड्यात निघाली, अकराव्यात पोचली

सध्या आठवा महिना सुरू आहे, बसलं की उठवत नाही आणि उठलं की बसवत नाही, त्यामुळे टाइप करायला वेळच वेळ आहे. बरेच दिवस लिहायचं होतं. माझ्या मावसबहिणीची पाळी चुकली आणि तिने मला विचारलं की ताई आता पहिले कुठे जायचं, आणि मला एका वाक्यात उत्तर देताच आलं नाही, तेव्हा ठरवलं की जे झालं ते सगळं लिहूनच टाकू.

तर ७ एप्रिल २०२४, रविवार. शेवटची पाळी ३ मार्चची, मेडिकलमधून पट्टी आणली, दोन रेषा. दोनदा केली, दोनदा दोन रेषा. म्हणजे तेव्हाच पाचवा आठवडा पूर्ण, कारण दिवस पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, हे मला नंतर समजलं, मला वाटलं आत्ताच तर झालं, फार तर दोन आठवडे असतील. आम्ही नागपूरला राहतो, नवरा वाडीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे, मी बर्डीला मोबाईलच्या दुकानात बिलिंगला. दोघांचा मिळून पगार असा की महिना निघतो, पण वर काही निघालं की जीव वर-खाली होतो. म्हणून पहिल्यापासून ठरलेलं की सरकारीतच दाखवायचं.

सासूबाईंना फोन केला तर त्या खूश झाल्या, रडल्या पण, आणि लगेच म्हणाल्या, "आता तीन महिने कोणालेच सांगू नको वं, दृष्ट लागते. दवाखान्यात बी काऊन घाई करतं, थोडं पोट तर दिसू दे." माझी आई उमरेडकडे राहते, तिचंही तेच. हे 'तीन महिने सांगायचं नाही' प्रकरण मला आधी गोड वाटायचं. आता नाही वाटत. कारण जे जे महत्त्वाचं असतं ते सगळं त्या तीन महिन्यांतच असतं, आणि तेवढेच तीन महिने बाईने तोंडाला कुलूप लावून बसायचं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी मानेवाड्याकडच्या एका नागरी आरोग्य केंद्रात गेली. खिडकीवरच्या बाईने विचारलं कितवा महिना, मी म्हटलं दुसरा लागला असेल. तिने माझ्याकडे असं बघितलं जसं मी लग्नपत्रिका छापायच्या आधीच जेवायला आली. "एवढ्या लवकर काय करता? आणि एएनसी, म्हणजे गरोदर बायकांची तपासणी, मंगळवारी असते." मंगळवारी ९ तारीख, गुढीपाडवा. दवाखाना बंद. मग म्हटलं पुढच्या मंगळवारी.

तो एप्रिल कोणाला आठवत असेल तर आठवा, सुट्ट्यांची नुसती माळ. पाडवा झाला, १४ ला आंबेडकर जयंती, १७ ला रामनवमी, आणि १९ ला आमच्या नागपूरचं लोकसभेचं मतदान. १६ तारखेच्या मंगळवारी मी दुकानातून अर्धा दिवस कापून घेऊन गेली (कापून म्हणजे खरंच पगारातून कापून), तर अर्धा स्टाफ इलेक्शनच्या ट्रेनिंगला. एकच सिस्टर होती, बिचारी एकटीच लसीकरणाची पोरं पण बघून राहिली होती, केसपेपर पण लिहून राहिली होती. माझा नंबर आला, आधार कार्ड दिलं, आधारवर माहेरचा पत्ता आणि माहेरचंच आडनाव. ते चालवून घेतलं तिने. मग विचारलं, राहता कुठे? लेआउटचं नाव सांगितलं. तिने रजिस्टर उघडलं, मागे एक मळका नकाशा चिकटवलेला होता त्यावर बोट फिरवलं, आणि म्हणाली, "ताई, हा लेआउट आमच्यात येत नाही."

हे जरा समजावून सांगावं लागेल. आमच्या घरासमोर एक नाली आहे, झाकण नसलेली. नालीच्या त्या बाजूला महापालिका, त्यांच्याकडे खांबावर पांढरे एलईडी लाइट, नळ, कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते. नालीच्या या बाजूला आम्ही. आमच्याकडे एकच खांब, पिवळा लाइट, तो पण मूडवर, आणि उन्हाळ्यात टँकर. म्हणजे नागपूर म्हणून भाडं घेतात, पण दवाखान्याच्या नकाशात आम्ही नागपूर नाही. सिस्टर म्हणाली तुम्ही ग्रामीणमध्ये येता, तिकडच्या उपकेंद्रात नोंदणी करा. मी म्हटलं, निदान फॉलिक ॲसिडच्या गोळ्या तरी द्या, ती म्हणाली नोंदणीशिवाय देता येत नाही, मग जरा थांबून हळूच म्हणाली, "मेडिकलमधून घ्या आजच, थांबू नका." हे तिचं मला आवडलं, उपकार आहेत तिचे. कारण फॉलिक ॲसिडचं काम पहिल्या आठवड्यांतच असतं, बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा जिथून बनतो ती नळी पाळी चुकल्यावर दोनेक आठवड्यांत बंद होऊन जाते. गोळी तर खरं दिवस राहायच्या आधीपासून घ्यायची असते. मला कोण सांगणार होतं? पोट तर दिसू दे म्हणणारे?

मेडिकलवाल्याने ५ एमजीची पट्टी दिली. घरी येऊन मोबाइलवर वाचलं तर कुठे ४०० मायक्रोग्रॅम लिहिलेलं, मी घाबरली की बारा पट जास्त खाऊन राहिली का काय. नंतर डॉक्टरने बघितलं, म्हणाल्या घाबरायचं काही नाही, आता ही बारीकवाली घे. पण ते आठ-दहा दिवस रोज गोळी हातात घेऊन खाऊ का नको खाऊ.

२३ एप्रिलला उपकेंद्र. आमच्या घरापासून चार किलोमीटर, ऑटो तिकडे रिकामा परत येतो म्हणून दुप्पट पैसे मागतो. दाराला कुलूप. बाजूच्या पानठेल्यावर विचारलं तर म्हणे नर्सबाई आज दुसऱ्या गावाला गेल्या, फोन करा. फोन लावला, उचलला, बोलल्या पण नीट. पण म्हणाल्या तुमच्या लेआउटचा सर्वेच झाला नाही, घर नंबरच नाही रजिस्टरला, आशाला विचारते. आशाताईंचा संध्याकाळी फोन आला, "माझ्याकडे नाही ताई तुमची लाइन, आमच्याकडे मंदिरापर्यंतच आहे. तुम्ही असं करा ना, माहेरी नोंदणी करा. तसंही बाळंतपण तिकडेच कराल ना." मी हो हो म्हणून फोन ठेवला आणि कूलरसमोर बसून रडली. गर्मी, उलट्या, आणि वरून ही 'लाइन'.

इथे एक सांगते, मला या बायकांवर राग नाही. आशांना कामागणिक पैसे मिळतात, वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांचा मोठा संप झाला होता. एकेकीकडे किती घरं असतात ते बघितलं तर आपणच गप्प बसू. राग आहे तो त्या नालीवर.

सात आठवडे होऊन गेले होते. मग नवरा म्हणाला, जाऊ दे, एकदा प्रायव्हेटला दाखव. धंतोलीकडच्या एका दवाखान्यात गेलो. डॉक्टर मॅडमची फी ६००, २९ तारखेला सोनोग्राफी १,५००. पण बाळाचे ठोके ऐकवले. आठ आठवडे एक दिवस. टुकटुकटुकटुक, शेतावरची मोटर लांबून ऐकू यावी तसं. नवरा एकदम गप्प झाला, बाहेर येऊन म्हणाला उसाचा रस पिऊ.

मॅडमने रक्ताच्या तपासण्यांची यादी दिली. हिमोग्लोबिन, ब्लड ग्रुप, शुगर, थायरॉइड, एचआयव्ही, कावीळ, व्हीडीआरएल, लघवी. काउंटरवर म्हणाले पॅकेज ४,२००. महिनाअखेर. मी परत आत गेली आणि खरं काय ते सांगून टाकलं, की मॅडम यातलं अगदी लागणारं काय आहे, बाकी सरकारीत करीन. त्यांनी चिडचिड नाही केली. तीन गोष्टींवर गोल केला आणि खाली हाताने एक वेगळीच लिहिली. सिकलिंग, म्हणजे सिकलसेलची तपासणी, रक्ताचा आजार तो, आईबाबांकडून येतो आणि त्यात सांधे फार दुखतात. म्हणाल्या, "विदर्भातल्या आहात ना? मग ही पहिले करा. बाकी सगळं दोन आठवडे थांबलं तर चालेल, हिच्यासाठी थांबू नका."

मला वाटलं त्यांची सवय असेल. ४ मेला रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ९.४. ब्लड ग्रुप बी पॉझिटिव्ह. सिकलिंग पॉझिटिव्ह.

त्याखाली लॅबवाल्याने बारीक अक्षरात लिहिलं होतं की एचपीएलसी (रक्तातलं हिमोग्लोबिन कोणत्या प्रकारचं आहे ते नेमकं सांगणारी तपासणी) करून खात्री करा. मी दुकानात होती, एका गिऱ्हाइकाचं बिल बनवताना मोबाइलवर पीडीएफ उघडलं. त्या माणसाचं बिल मी चुकीचं बनवलं, त्याला ग्लासगार्ड फुकट गेला, जाऊ दे.

माझ्या एका मामाला लहानपणापासून सांधे दुखायचे. थंडीत तर ओरडायचा. घरात सगळे 'वात आहे त्याला' म्हणायचे, बिब्बा लावायचे, शेक द्यायचे. पंचविशीत गेला तो. त्याला काय होतं ते आता कोणी सांगू शकत नाही, तपासलंच नव्हतं कधी. पण त्या रात्री मला तोच दिसत राहिला, खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन.

पुढच्या आठवड्यात शहरातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात गेली. सकाळी सात वाजता रांग, सहाला निघाली घरून. केसपेपरची रांग वेगळी, ओपीडीची वेगळी, रक्त द्यायची वेगळी, आणि प्रत्येक खिडकीवर 'आधी तिकडे जा'. एका ठिकाणी तर सांगितलं की तुमची नोंदणी तुमच्या भागातच व्हायला पाहिजे, कार्ड घेऊन या मग बघू. मी म्हटलं कार्डसाठीच महिना झाला फिरून राहिली. मागे उभी असलेली एक आजी, सुनेला घेऊन आलेली, ती मोठ्याने म्हणाली, "अवो मॅडम, पोट्टी उन्हात उभी आहे, पोटात कार्ड नाही, लेकरू आहे तिच्या!" सगळी रांग हसली, खिडकीवालीही हसली, आणि आत सोडलं.

आतमध्ये सिकलसेलच्या टेबलवर एक समुपदेशक मुलगी होती, माझ्याहूनही लहान असेल. पूर्ण महिन्यात पहिल्यांदा कोणीतरी खुर्ची दिली. तिने माझ्या केसपेपरच्या मागे पेनने दोन गोल काढले, आई आणि बाबा, प्रत्येकाचे दोन भाग केले. लॅबमध्ये जी केली ती नळीची टेस्ट फक्त सिकल आहे का तेवढं सांगते, तुम्हाला आजार आहे की तुम्ही नुसत्या वाहक आहात ते नाही सांगत, त्यासाठी एचपीएलसी. वाहक असाल तर तुम्हाला स्वतःला बहुतेक काहीच त्रास नसतो, तुम्ही आजवर ठणठणीत राहिल्या ना. प्रश्न बाबाचा आहे. मग खाली चार छोटे गोल काढले. आई-बाबा दोघंही वाहक असतील तर प्रत्येक वेळी चारात एक शक्यता की बाळाला आजारच येईल, दोन की बाळ वाहक, एक की काहीच नाही. आणि प्रत्येक वेळी म्हणजे प्रत्येक गरोदरपणात नव्याने, पहिलं चांगलं झालं म्हणून दुसऱ्याचं संपलं असं नाही. आजारवाला गोल तिने पेनने गच्च भरला, मी त्याच्याकडेच बघत राहिली. बाबा वाहक नसेल तर हा गोल येतच नाही.

मग तिने विचारलं किती आठवडे. मी म्हटलं साडेनऊ-दहा. ती म्हणाली दोघंही वाहक निघाले तर पोटातल्या बाळाची तपासणी करता येते, वारेचा बारीक तुकडा घेऊन, ती दहा ते तेरा आठवड्यांच्या मधे करतात. त्यानंतर बाळाभोवतीच्या पाण्याची तपासणी असते पण ती पंधराच्या पुढे, मग रिपोर्ट, मग विचार करायला वेळ, सगळंच अवघड होतं. "मिस्टरांना उद्याच आणा," म्हणाली, "आणि त्यांची पण एचपीएलसीच, नुसती नळीवाली नको. त्यांच्यात सिकल नसलं आणि थॅलेसेमिया, म्हणजे रक्ताचाच दुसरा आनुवंशिक दोष, असला, तर नळीत दिसत नाही. पण तुमचं सिकल आणि त्यांचा थॅलेसेमिया मिळूनही बाळाला आजार होतो." पाचव्या आठवड्यात मी त्या खिडकीवर उभी होती. "एवढ्या लवकर काय करता" म्हणे.

नवरा. आता त्याचं पण लिहायलाच पाहिजे, त्याला विचारूनच लिहून राहिली. तो म्हणाला, ते तर आदिवासींत असते, आपल्यात नाही. मी म्हटलं मग माझ्यात कुठून आलं? त्या मुलीने मला स्पष्ट सांगितलं होतं की आदिवासी समाजात जास्त आहे, पण विदर्भात इतरही बऱ्याच समाजांत सापडते, जात विचारून रक्तात जात नाही. मग म्हणाला सुट्टी नाही. मग म्हणाला बघू. सासूबाईंचा फोन, "आमच्या खानदानात असलं काही नाही, त्याच्या रक्ताले काऊन हात लावता." चार दिवस घरात कूलरचाच काय तो आवाज. शेवटी मी तो केसपेपर फ्रिजवर लावला, मागची बाजू वर करून. काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी डबा घ्यायला आला, उभा राहिला त्याच्यासमोर, आणि विचारलं, "हा भरलेला कोण?" मी सांगितलं. त्याने डबा ठेवला, ऑफिसात फोन केला, की आज उशिरा येतो.

माझा रिपोर्ट आला, वाहक. त्याचा यायला अजून पाच दिवस. ते पाच दिवस मी काय केलं आठवत नाही. पन्ह्याचं पातेलं जळलं एवढं आठवते. पन्ह्याचं, म्हणजे कैऱ्या उकडायला ठेवलेल्या.

२२ मे, बुधवार, संध्याकाळी त्याने ऑफिसातून फोटो पाठवला. पूर्ण रिपोर्टचा, तिरपा काढलेला, अर्ध्यावर अंगठा. मी झूम करून करून बघितलं. सिकल नाही, थॅलेसेमिया नाही, सगळं नॉर्मल. खाली त्याने लिहिलं होतं, 'आईला तू सांग.'

हे सगळं झालं तरी नोंदणी नव्हतीच झाली! हसू नका. पलीकडच्या काकू, नालीच्या महापालिकेवाल्या बाजूच्या, त्यांना मी उलट्या करताना कधीची दिसून राहिली होती, त्यांनी एक दिवस सरळ विचारलं, मी सगळं सांगितलं. त्यांनी त्यांच्या आशाताईला आणलं. त्या नालीपलीकडे उभ्या, मी अलीकडे, मधे तो वास. म्हणाल्या, "हद्द-बिद्द राहू द्या ताई, बाई गरोदर आहे तर गरोदर आहे, शुक्रवारी सकाळी नऊला या, मी सिस्टरशी बोलते." मी म्हटलं एएनसी मंगळवारी असते ना. त्या म्हणाल्या कोणी सांगितलं, तपासणी मंगळवारी असते, नोंदणी कधीही होते.

२४ मे. वजन ४७, बीपी ११०-७०, धनुर्वाताचं इंजेक्शन (टीडी म्हणतात आता, टीटी नाही), माता बाल संरक्षण कार्ड, त्यावर आरसीएच नंबर, म्हणजे सरकारी नोंदणीचा. पंधरा मिनिटं लागली. पंधरा मिनिटांचं काम होतं हो ते! सिस्टर तीच, जिने गोळ्या आजच घ्या सांगितलं होतं. तिने मला ओळखलं नाही आणि मी पण आठवण नाही दिली. मातृवंदना योजनेचा फॉर्म पण त्यांनीच भरायला लावला, पहिल्या बाळाला ५,००० मिळतात दोन हप्त्यांत. आधारवरचं आडनाव बदलायला हवं होतं का त्यावर दोघींचं एकमत नव्हतं, शेवटी तसंच दिलं.

मग एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी बघतात ती सोनोग्राफी) ३० मेला. तोच दिवस जेव्हा नागपुरात ५६ डिग्रीचा आकडा मोबाइलवर फिरून राहिला होता, नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडलेला होता. मला विचाराल तर सेन्सर बरोबर होता. स्कूटीच्या सीटवर ओला टॉवेल टाकून गेलो. तिथे परत आधार, फॉर्म, सही, मुलगा-मुलगी विचारणार नाही म्हणून. स्कॅन चांगला आला. पुढची लोहाच्या गोळ्यांची गोष्ट बोअर आहे, रोज खाल्ल्या, हिमोग्लोबिन १०.८ वर आलं, शौचाला काळी होते, घाबरू नका, लोह आणि कॅल्शियम एकावेळी खाऊ नका, एवढंच. बाळ जन्मल्यावर त्याचीही सिकल तपासणी करायची आहे, माझ्याकडून वाहक होऊ शकते, ते मी कार्डावर स्वतः लाल पेनने लिहून ठेवलं आहे.

परवा ९ ऑक्टोबरला गेली होती, दर महिन्याच्या ९ तारखेला मोठ्या डॉक्टर येतात ना, त्यासाठी. एक नवीन सिस्टर होती. आशाताई बाजूला उभ्या. नवीन सिस्टरने माझं कार्ड उघडलं, पहिलं पान बघितलं, आणि बाकावरच्या सगळ्या बायकांना दाखवून म्हणाली, "बघा, ही ताई अकरा आठवडे पाच दिवसांत नोंदणीला आली. बाराच्या आत. शिकलेली आहे ना, लवकर आली. तुम्ही सगळ्या चौथ्या महिन्यात उगवता."

आशाताईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मी काहीच बोलली नाही. बीपी घेतलं तर वरचं १३४ आलं. सिस्टर म्हणाली, "चालत आली का? पाच मिनिटं शांत बस, परत घेऊ."